बडोद्यात बसून आयरिश चित्रकार बघायचे तर सुरुवात कुठून करायची

आपल्याकडे फाइन आर्ट्सला शिकणारी मुलं बरीच, त्यात हल्ली शिकायला डब्लिनला जाणारीही वाढलीयत, त्यामुळे "आयरिश आर्टिस्ट्सबद्दल काय वाचू" असं मला कोणी ना कोणी विचारतंच. आणि बहुतेक जण काय करतात, तर नेटवरून नावांची मोठी लिस्ट काढतात, जन्ममृत्यूची सालं उतरवून घेतात आणि महिन्याभराने विचारलं तर डोळ्यासमोर एकही चित्र उभं राहत नाही. म्हणून मी मुलांना जी पद्धत सांगते ती इथे नीट लिहून ठेवतेय, ज्याला पाहिजे त्याने वापरावी.

एक साधी वही घ्या, प्रत्येक चित्रकाराला एक पान. पानावर सगळ्यात वर तीन गावं लिहायची, माणूस जन्मला कुठे, काम केलं कुठे, आणि आपण निवडलेलं त्याचं एक काम आज आहे कुठे. बाकी सगळं खाली. आयरिश कलेत ही तीन गावं एकच आहेत असं फार कमी वेळा होतं, आणि ती वेगळी का झाली हे शोधत गेलात की त्या माणसाचं आयुष्यही कळतं आणि त्या देशाचा इतिहासही. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, नारायण श्रीधर बेंद्रेच बघा ना, जन्म इंदूरचा, नाव झालं मुंबईत, आणि १९५० पासून कितीतरी वर्षं इथे आपल्या फाइन आर्ट्समध्ये शिकवलं, आता त्यांना कुठल्या एका गावाचे म्हणणार?

आणि क्रम महत्त्वाचा. आधी चित्र, मग आयुष्य, मग परत चित्र. चित्राखालची माहिती झाकून ठेवायची आणि पाचदहा मिनिटं नुसतं बघायचं, काय दिसतंय ते आपल्या शब्दांत लिहायचं, चुकलं तरी चालेल. नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडच्या वेबसाइटवर कलेक्शन आहे, मोबाइलवर बघू नका, कोणाचा तरी लॅपटॉप घ्या. मात्र स्क्रीनवर रंगाची जाडी कळत नाही, म्हणून हे सगळं सुरू करायच्या आधी एकदा कमाटीबागेतल्या म्युझियमच्या पिक्चर गॅलरीत जाऊन युरोपियन तैलचित्रांसमोर जरा तिरकं उभं राहून बघा, ब्रशचे फटकारे कुठे वर आलेत, रंग कुठे पातळ आहे. तो अंदाज डोळ्यात असला की पुढे स्क्रीनवरचं चित्रही जास्त दिसतं.

पहिलं पान जॅक यीट्सचं घ्या, असं मी सगळ्यांनाच सांगते. कारण त्याच्यात शिरायला काहीच तयारी लागत नाही. त्याचं "द लिफी स्विम" हे १९२३ चं चित्र उघडा. डब्लिनच्या मधून वाहणारी लिफी नदी, तिच्यात पोहण्याची शर्यत चाललीय आणि काठावर ही गर्दी. आता बघा की पोहणारे तर जेमतेम दिसतात, चित्रात खरी आहेत ती माणसांची डोकी, टोप्या, वाकलेल्या पाठी, आणि आपणही त्या गर्दीतच मागे कुठेतरी टाचा उंचावून उभे आहोत असं वाटतं. नदीवर जत्रा भरल्यासारखी गर्दी बघितलेल्या माणसाला हे लगेच पोचतं. या चित्राला १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळालं, हो, तेव्हा ऑलिंपिकमध्ये चित्रकलेची पण स्पर्धा असायची, आणि नवीन स्वतंत्र झालेल्या आयर्लंडचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. म्हणजे देशाला पहिलं पदक खेळाडूने नाही, चित्रकाराने आणून दिलं, मला हे फार मोठं वाटतं. त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा मोठा भाऊ, कवी विल्यम यीट्स, याला नोबेल मिळालं होतं. आता तीन गावं: जन्म लंडन (१८७१), बालपण आजीआजोबांकडे स्लायगोत आणि पुढचं बहुतेक काम आयर्लंडमध्ये, चित्र डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत. मग त्याची शेवटच्या वीसेक वर्षांतली चित्रं बघा, तिथे रंग इतका जाड आणि मोकळा होत जातो की माणूस आणि आभाळ वेगळं काढता येत नाही. १९५७ मध्ये गेला, पण उतारवयात एवढं धाडस वाढत गेलेला चित्रकार विरळा.

इथे नावांबद्दल एक सांगते कारण सगळे अडकतात. जॅक यीट्सचे वडील जॉन बटलर यीट्स, ते पण चित्रकार, चांगले पोर्ट्रेट पेंटर, आणि बापलेक दोघांची इनिशियल्स जे बी यीट्स. नुसतं जे बी यीट्स सर्च केलंत तर दोघांची चित्रं एकत्र येतात. फ्रान्सिस बेकनचं तर विचारूच नका, त्याच नावाचा तीनशे वर्षं आधीचा तत्त्वज्ञ आहे. हिकी आडनावाचेही एकाहून जास्त, होन आडनावाचेही. म्हणून नावाबरोबर जन्मसाल टाकूनच शोधा, वहीतही तसंच लिहा.

दुसरं पान हॅरी क्लार्क. हा माझा सगळ्यात आवडता आहे त्यामुळे इथे जरा वेळ घेते. क्लार्क (१८८९ ते १९३१) मुख्यतः काचेत काम करायचा, स्टेन्ड ग्लास म्हणजे रंगीत काचांच्या खिडक्या, शिवाय पुस्तकांची चित्रं, अँडरसनच्या परीकथा आणि एडगर ॲलन पो यांच्या पुस्तकांना त्याची चित्रं आहेत. वडील इंग्लंडमधून डब्लिनला आलेले, चर्चच्या सजावटीचा त्यांचा कारखाना होता, पोरगा तिथेच तयार झाला. त्याच्याकडे वळायच्या आधी लक्ष्मी विलास पॅलेसला जाऊन या. दरबार हॉलमधल्या रंगीत काचा आपण लहानपणापासून बघतो पण "किती सुंदर" म्हणून पुढे जातो. या वेळी एकाच खिडकीजवळ थांबा आणि दोनच गोष्टी शोधा, काचेच्या तुकड्यांना जोडणाऱ्या पट्ट्या कुठून कुठे जातात, आणि कुठला रंग काचेचा स्वतःचा आहे नि कुठे वरून ब्रशने काम केलंय. हे एकदा कळलं की क्लार्कने काय केलं ते कळतं.

त्याने केलं असं. काही काचा अशा मिळतात की साधी काच आणि तिच्यावर रंगीत काचेचा पातळ थर. तो थर ॲसिडने थोडा थोडा खाऊ द्यायचा. जिथे थर पूर्ण राहिला तिथे गडद लाल, थोडा गेला तिथे गुलाबी, सगळा गेला तिथे पांढरा, म्हणजे एकाच तुकड्यात एका रंगाच्या कितीतरी छटा. आणि क्लार्क अशा दोन काचा, एक लाल एक निळी, एकमेकींवर ठेवून काम करायचा, मग मधे जांभळे असे रंग निघतात जे ब्रशने येणं शक्यच नाही. "द ईव्ह ऑफ सेंट ॲग्नेस" ही १९२४ ची खिडकी बघा, इंग्रज कवी कीट्सच्या कवितेवर केलेली, डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत आहे. एकदम सगळी बघू नका, झूम करून एकच चौकट घ्या, कपड्यांवरची नक्षी बघा, बोटाच्या नखाएवढ्या जागेत चारचार रंग आहेत.

आणि मग जिनिव्हा विंडोची गोष्ट वाचा. आयरिश सरकारनेच त्याच्याकडून ही खिडकी करून घेतली, जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला भेट द्यायला, पंधरा आयरिश लेखकांच्या साहित्यातली दृश्यं तिच्यात. काम तयार झाल्यावर सरकारला त्यातली काही दृश्यं अंगावर आली, एका चौकटीत झिरझिरीत कपड्यात नाचणारी बाई होती, आणि खिडकी जिनिव्हाला गेलीच नाही. क्लार्कला क्षय होता, उपचाराला स्वित्झर्लंडला गेलेला, तिथून घरी परतताना कूर गावात ६ जानेवारी १९३१ ला वारला, वय ४१. नंतर त्याच्या बायकोने, मार्गारेट क्लार्कने, ती स्वतः उत्तम चित्रकार, खिडकी सरकारकडून पैसे देऊन परत घेतली. आज ती अमेरिकेत मायामी बीचच्या एका म्युझियममध्ये आहे. डब्लिनमध्ये घडली, जिनिव्हासाठी घडली, राहिली मायामीत. या एका पानावरच्या गावांवरून त्या काळच्या आयर्लंडबद्दल जेवढं कळतं तेवढं मोठ्या पुस्तकातून पण कळायला वेळ लागेल.

तिसरं पान मेनी जेलेट (१८९७ ते १९४४), आणि हिच्याबरोबरच तिची मैत्रीण एव्ही होन. दोघी पॅरिसला जाऊन आधी आंद्रे लोत आणि मग अल्बेर ग्लेझ यांच्याकडे क्युबिझम, म्हणजे दिसणाऱ्या गोष्टी भूमितीच्या आकारांत मोडून मांडायची शैली, शिकल्या. जेलेटने १९२३ मध्ये डब्लिनला "डेकोरेशन" हे चित्र लावलं, लाकडावर टेम्परा (अंड्याच्या बलकात कालवलेला रंग), थोडं सोनेरी काम, आकार चर्चमधल्या जुन्या पवित्र चित्रासारखा पण आत माणूस नाही, देव नाही, नुसते एकात एक फिरलेले रंगांचे आकार. लोक चिडले. जॉर्ज रसेल म्हणून त्या वेळचा मोठा लेखक, स्वतः चित्रं काढणारा, त्याने या प्रकाराला कलेतला मलेरिया म्हटलं. ती काही गाव सोडून गेली नाही, तिथेच राहिली, शिकवलं, लेक्चर्स दिली, आणि १९४३ मध्ये नवीन कलेसाठी जे वार्षिक प्रदर्शन सुरू झालं त्याच्या उभारणीत ती पुढे होती. पुढच्याच वर्षी वारली. बेंद्र्यांनी पन्नासच्या दशकात क्युबिझमच्या अंगाने केलेली चित्रं शेजारी ठेवून बघा, पॅरिसहून निघालेली एकच भाषा दोन ठिकाणी वेगळी कशी बोलली जाते ते समजेल, आमच्या भाचीने तर याच्यावरच तिचा सेमिनार केला. एव्ही होन पुढे काचेकडे वळली, इंग्लंडमध्ये ईटन कॉलेजच्या चॅपलची मोठी खिडकी तिची.

बेकनला चौथ्या पानावर ठेवा, पहिल्या नको, कारण त्याची चित्रं अंगावर येतात आणि मग बाकीचे फिके वाटायला लागतात. जन्म डब्लिन १९०९, आईवडील इंग्लिश, वडील घोड्यांचे ट्रेनर, पोराशी जमलं नाही, सोळाव्या सतराव्या वर्षी घराबाहेर. चित्रकलेचं शिक्षण कुठेच नाही. पुढचं बहुतेक आयुष्य लंडनला, मग त्याला आयरिश म्हणायचं का? माझं मत, म्हणावं, पण वादात वेळ घालवू नये, स्टुडिओकडे बघावं. लंडनच्या रीस म्यूजमधली त्याची खोली, कागद, फाटके फोटो, रंगाचे डबे, कापून टाकलेले कॅनव्हास, पाय ठेवायला जागा नाही अशी, त्याच्या मृत्यूनंतर (१९९२) ती पूर्णच्या पूर्ण उचलून डब्लिनला आणली. त्यासाठी पुरातत्त्वाची माणसं लावली, सात हजारावर वस्तू नोंदवल्या, भिंती, दार, अगदी धूळसुद्धा आणली. २००१ पासून ती ह्यू लेन गॅलरीत आहे. खोलीचे फोटो आधी बघा, त्यात भिंतीवर आणि दारावर त्याने पुसलेले रंग शोधा, मग चित्रं बघा.

पाचवा लुई ल ब्रोकी (१९१६ ते २०१२), हा पण स्वतःच शिकलेला. "अ फॅमिली" हे १९५१ चं चित्र, करड्या रंगातलं, एका टेबलावर आडवी बाई, मागे खचलेला पुरुष, एक मूल. दुसऱ्या महायुद्धानंतरचं घर. डब्लिनच्या महापालिकेच्या गॅलरीने ते नाकारलं, १९५६ मध्ये त्यालाच व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, पारितोषिक मिळालं, मग बरीच वर्षं इटलीत राहून २००२ मध्ये ते डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आलं. गावं लिहिताना पान पुरणार नाही.

पॉल हेन्री तुम्हाला न शोधता सापडेल, पांढरी छोटी घरं आणि वर ढगांचे डोंगर, रेल्वेच्या पोस्टरवर गाजलेली. बेलफास्टचा माणूस, १९१० ला ॲकिल बेटावर गेला आणि जवळजवळ दहा वर्षं राहिला. त्याला लाल हिरवा नीट कळायचा नाही. पोस्टरपाशी थांबू नका एवढंच सांगते, सुरुवातीची "बटाटे खणणाऱ्या बायका" छाप चित्रं बघा, त्यात कष्टाची माणसं आहेत जी नंतर चित्रांतून निघून गेली.

एक पान आपल्या देशाशी जोडलेलं पण ठेवा. थॉमस हिकी, डब्लिनला १७४१ मध्ये जन्मला, भारतात आला, टिपू पडल्यावर श्रीरंगपट्टण मोहिमेशी संबंधित लोकांची आणि टिपूच्या मुलांची चित्रं काढली, आणि १८२४ मध्ये मद्रासला वारला. त्याने १७८७ मध्ये काढलेलं एका भारतीय बाईचं चित्र डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ती बाई बहुधा विल्यम हिकी नावाच्या कलकत्त्यातल्या इंग्रज वकिलाची बिबी, म्हणजे लग्नाशिवाय त्याच्याबरोबर राहणारी भारतीय जोडीदार, तिचं नाव जमदानी. तिचे दागिने, बसण्याची ढब, नजर हे सगळं आपल्याला तिथल्या माणसापेक्षा जास्त वाचता येतं, तेव्हा न लाजता आपलं निरीक्षण लिहा.

प्रत्यक्ष डब्लिनला जाणार असाल तर नॅशनल गॅलरी आणि ह्यू लेन या दोन्ही गॅलऱ्यांच्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, पण निघायच्या आधी वेबसाइट बघाच, दुरुस्तीसाठी दालनं बंद असतात. आणि फ्रेडरिक बर्टनचं "मीटिंग ऑन द टरेट स्टेअर्स" (१८६४) बघायचं असेल तर दिवस त्याच्या हिशोबाने ठरवा, ते वॉटरकलर आहे, उजेडाने रंग उडतो म्हणून आठवड्यात ठराविक तासच कपाटातून उघडतात. अरुंद जिना, निळ्या कपड्यातली मुलगी आणि चिलखतातला तिचा रक्षक, ज्याला मारायचा हुकूम तिच्या भावांना मिळालाय. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, तो फक्त तिचा हात धरून तोंडाशी नेतोय. लढाई बर्टनने काढलीच नाही.

ही पानं झाली की पुढची आपापल्या आवडीने. डिझाइनवाल्यांनी आयलीन ग्रे घ्यावी, जन्म एनिस्कॉर्थीजवळचा, काम पॅरिसचं, लाखकाम जपानी कारागिराकडून शिकली, तिचं फर्निचर आज डब्लिनच्या कॉलिन्स बॅरॅक्समधल्या म्युझियममध्ये. इन्स्टॉलेशन करणाऱ्यांनी डॉरथी क्रॉस, तिने १९९९ मध्ये डब्लिनजवळच्या समुद्रात एका जुन्या दीपनौकेला (दीपस्तंभासारखा दिवा दाखवणारं जहाज) चमकणारा रंग देऊन "घोस्ट शिप" केली. ॲबस्ट्रॅक्ट करणाऱ्यांनी शॉन स्कली. पेंटिंगवाल्यांनी मात्र परत जॅक यीट्सकडेच जावं, त्याची चाळीसच्या दशकातली दोनतीन चित्रं घेऊन बसावं, आणि लिफीच्या काठावरची ती डोकी तिथे कुठे गेली ते शोधावं.