कवड्यांचं दान टिपताना

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात आज्यांचा कवड्यांचा खेळ टिपायला ओट्यावर बसलात की पहिल्या दिवशी वही उघडू नका. खेळा. मी सहा कवड्यांचे चार डाव हरले, तेव्हा कुठे आज्या मोकळ्या बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक दान टिपा: कोणी टाकलं, किती कवड्या उताण्या (तोंड वर) पडल्या, टाकण्याआधी कोण काय म्हणालं. हे शेवटचं मुळीच सोडू नका, खरा ऐवज तिथेच आहे. "तीनदा पालथ्या पडल्या, आता माझं दान येणारच," असं एक आजी म्हणाल्या. अशा वेळी चूक दाखवू नका. "येणारच" कशावरून, ते विचारा. मला उत्तर मिळालं, "हात बसलाय आता." म्हणजे त्यांच्या लेखी दान कवडीत नसतं, हातात असतं.

गणित घरी करा. उताणी-पालथीची शक्यता सारखी धरली, तर सहाही उताण्या पडणं सरासरी ६४ दानांत एकदा, नेमक्या तीन उताण्या २० वेळा. पण कवडीची पाठ फुगीर, तोंडाची बाजू चपटी. म्हणून त्याच कवड्या मागून घ्या, २०० वेळा टाका, मगच ताडून पाहा.

डावावर पैसे लागत असतील तर नावं लिहूच नका. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. तुमची वही कुणा आजीच्या अंगाशी येता कामा नये.