पहिलं घर बांधताय? पैसे कुठं गळतात ते आधी बघा आणि या चुका टाळा

परभणीत आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा मी पहिले दोन महिने नुसता सिमेंटच्या रेटमागं फिरलो, या दुकानातून त्या दुकानात, शेवटी पोत्यामागं ५ रुपये कमी करून घेतले आणि लई मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं. हजार-अकराशे फुटाच्या घराला साधारण ४०० पोती लागतात, म्हणजे वाचले किती तर २००० रुपये. आणि त्याच घरात किचनची भिंत लिंटेलपर्यंत (दार-खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत) आल्यावर पाडून दोन फूट सरकवली, त्यात विटा गेल्या, मिस्त्रीची मजुरी डबल गेली, मलबा उचलायला ट्रॅक्टर लावला, ते दोन हजार तर पहिल्याच दिवशी उडाले. म्हणून आता कुणी विचारलं की घर बांधताना पैसे कसे वाचवायचे, तर मी सांगतो की रेटवर घासाघीस करा पण थोडीच, खरे पैसे जातात ते तोडफोडीत आणि नको तिथं केलेल्या काटकसरीत.

नकाशा हातात नसताना खड्डे खांदणं

आपल्याकडं पद्धत अशी की मुहूर्त निघाला की कुदळ मारायची, नकाशा मागून येतो. मग मामा येतात, प्लिंथवर (जोत्यावर) उभं राहून म्हणतात, "किचन आग्नेयला का नाही घेतलं रे?" आणि आई दिवसभर गप्प बसते. वास्तू पाळायची का नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण पाळायची असंल तर मामाला नकाशा कागदावर असताना चहाला बोलवा, कागदावर किचन सरकवायला एक खोडरबर लागतं. आमचं किचन सरकलं ते मामामुळंच, आणि चूक त्यांची नाही, मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं.

आणखी एक करा, प्लॉटवर चुन्यानं खोल्या आखल्या की घरच्या बायामाणसांना घेऊन आत फिरा. ६ बाय साडेसहाचा पलंग ठेवला तर लोखंडी कपाटाचं दार उघडंल का, फ्रिज कुठं, देवघर कुठं, वॉशिंग मशीनला नळ कुठं. लाईटचे पॉइंट तर स्लॅब पडायच्या आधी ठरलेच पाहिजेत, कारण पाईप आणि फॅनबॉक्स स्लॅबच्या सळईतच बसवावे लागतात. आम्ही हॉलमधला एक फॅनबॉक्स विसरलो, आता तिथं स्लॅबच्या खालून वायरीची केसिंग पट्टी फिरवलीय, पाहुणे बसले की नजर बरोबर तिथंच जाती. सोलर आज लावायचं नसलं तरी गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाईप टाकून ठेवा, नंतर भिंत फोडण्यापेक्षा लई स्वस्त.

काळ्या मातीला हलक्यात घेणं

हे मात्र नीट वाचा, कारण मराठवाड्यात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आपली काळी माती कापसाला सोनं, पण घराला अवघड. पावसात पाणी पिऊन फुगती आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, भेगा अशा की त्यात हात जातो. त्या मातीवर पाया टेकला की दरवर्षी घर थोडं वर उचलतं, थोडं खाली बसतं आणि ते बी सगळीकडं सारखं नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरप्या भेगा निघायला लागतात, दारं चौकटीत अडकतात, फरशी मधूनच उठती. लोक सुताराला बोलवून दार तासून घेतात, पेंटरकडून पुट्टी भरून घेतात, पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

"तीन फूट खांदलं की बास, शेजाऱ्याचं बी तेवढंच आहे," असं म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजा पण ऐकू नका. काळी संपून पक्का मुरूम लागेपर्यंत खाली जा. मुरूम लई खोल असंल तर उगंच खांदत बसू नका, स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, अशा मातीसाठी खालच्या बाजूला फुगीर बूड असलेले पाईल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, असतात, त्यावर बीम टाकून घर उभं राहतं. इंजिनियरची फी जास्त वाटती खरी, मला बी वाटली, पण एकदा पाया चुकला की तो परत करता येत नाही.

दुसरी गंमत भरणीची. खड्ड्यातून निघालेली काळी माती तिथंच पडलेली असती, फुकट, आणि प्लिंथमधी भरायला काहीतरी पाहिजेच असतं, मग काय, लोक तीच परत आत ढकलतात. मुरमाच्या खेपा वाचल्या म्हणून खूश, आणि फरशीखाली स्वतःच्या हातानं फुगणारी माती भरून ठेवली! ती माती शेतात न्या, परसात झाडाला घाला, प्लिंथमधी मुरूमच भरा, ते बी एकदम न ओतता सहा-आठ इंचाचा थर, पाणी, धुमसानं ठोकणं, मग पुढचा थर.

आणि शोषखड्डा. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळं पायाला चिकटून शोषखड्डा घेतला की तो भाग बारा महिने ओला आणि बाकीचं घर कोरडं, म्हणजे एका कोपऱ्याखालची माती फुगलेली आणि दुसऱ्याखालची आकसलेली. जागा असंल तेवढा लांब घ्या. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन तीन फुटाची फरशी किंवा कोबा करून घ्या, पावसाचं पाणी पायाजवळ थांबायलाच नको. हे काम सगळ्यात शेवटी येतं आणि तेव्हा खिसा रिकामा असतो म्हणून निम्मे लोक ते सोडून देतात.

मिस्त्री म्हणला म्हणून सळई

याच्यात दोन टोकं आहेत. एक, "सगळीकडं १६ एमएम टाका सर, घर हलणार नाही." दुसरं रिंगांचं, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधायच्या कड्यांचं, "रिंगा लांब लांब घेऊ, लोखंड वाचतंय." दोन्ही चूक. सळई कुठं किती ते ड्रॉइंगमधी लिहिलेलं असतं, जास्त टाकली तर पैसे वाया आणि कॉलममधी गर्दी होऊन काँक्रीट नीट उतरत नाही, कमी टाकली तर काय होतं ते आपल्या भागाला सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंपात काय झालं ते लातूर-धाराशिवकडच्या घराघरात अजून बोललं जातं, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं वजन, माणसं झोपेतच खाली गेली. त्यामुळं लिंटेलचा बेल्ट सगळ्या भिंतींवरून सलग फिरू द्या, "इथं खिडकी नाही, तोडला तर चालंल" असं कुणी म्हणलं तर थांबवा. रिंगांची टोकं आत वाकवलेली आहेत का ते बी बघा, त्याला पैसे पडत नाहीत, नुसतं उभं राहावं लागतं.

जालन्यात सळईच्या एवढ्या मिल आहेत की आपल्या भागात माल मिळायला अडचण नाही, पण वजन स्वतः तपासा. हिशोब सोपा आहे, सळईच्या एमएममधल्या जाडीचा वर्ग करा आणि १६२ नं भागा, एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ मीटरची सळई धरली तर ८ एमएमची साधारण ४.७४ किलो, १० ची ७.४, १२ ची १०.७ आणि १६ ची १९ किलोच्या आसपास. थोडं इकडंतिकडं चालतं, पण नग मोजून गुणाकार केला आणि काट्याच्या पावतीशी लई फरक आला तर उतरवून घेऊ नका.

वाळूची खेप डोळ्यांनी मोजणं

"एक ब्रास आहे साहेब" म्हणजे एक ब्रास नसतं. ब्रास म्हणजे १०० घनफूट. टेप घ्या, ट्रॉली आतून मोजा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट माल असंल तर ९० घनफूट झालं, म्हणजे दहा खेपांत अख्खा एक ब्रास गायब. वरचा ढीग बघून फसू नका, फळीनं सपाट करून मोजा. ओली वाळू तर आणखी फसवती, थोड्याशा ओलीनं ती फुगून पाव हिश्श्यापर्यंत जास्त दिसू शकती. नदीची वाळू परवडंना झाली तर चांगली धुतलेली क्रश सँड वापरा, आता बांधकामाला बरेच जण तीच वापरायलेत, फक्त नुसती दगडाची भुकटी आणून टाकत नाहीत ना ते बघा.

सिमेंट भरपूर आणि पाणी चुकीच्या जागी

रेट वाढंल या भीतीनं आमच्या भाऊजींनी सगळं सिमेंट एकदाच भरून ठेवलं, मग काम अडकलं, मधी पावसाळा आला, आणि पोत्यांचे दगड झाले. सिमेंट ठेवलं की त्याची ताकद महिन्या-महिन्याला उतरत जाती. लागंल तसं आणा, पोत्यावर छापलेला, सिमेंट बनल्याचा आठवडा बघा, फळ्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. रेटचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, पक्कं बिल घ्या म्हणजे तुम्हाला कळंल तो तुमच्यापर्यंत पोचला का नाही.

आता पाणी. माल कालवताना बिगारी बादल्यावर बादल्या ओततात, कारण पातळ माल पसरायला सोपा. ५० किलोच्या एका पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी बास होतं, त्यापुढं जेवढं ओताल तेवढं काँक्रीट कच्चं. आणि जिथं पाणी खरंच लागतं तिथं, म्हणजे क्युरिंगला, तिथं टँकर महाग म्हणून हात आखडता! साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १०, आणि आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीच्या उन्हात १४ दिवस तरी ओलं ठेवा. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी धरा, कॉलमला गोणपाट गुंडाळा, नुसतं पाईपनं शिंपडून जाल तर तासाभरात कोरडं. शक्य असंल तर काम दिवाळीनंतर काढा म्हणजे स्लॅब थंडीत पडतो आणि बरंच पाणी वाचतं.

बोअर घ्यायचा असंल तर घराच्या आधी घ्या. मागून घ्यायचं ठरवलं तर बोअरची गाडी कंपाउंडच्या आत जात नाही, मग भिंत पाडा. आमच्या गल्लीत दोघांनी पाडलीय.

सेंट्रिंगवाला (स्लॅबखाली प्लेटा आणि टेकू लावणारा) पाचव्या दिवसापासून फोन करायला लागतो, प्लेटा दुसऱ्या साईटला पाहिजेत म्हणून. त्याच्या घाईनं टेकू काढू नका, दोन आधारांमधलं अंतर कमी असलेल्या स्लॅबला ७ दिवस, जास्त असलेल्याला आणि बीमला १४ दिवस तरी, आणि नक्की कधी ते इंजिनियरला विचारून.

"मटेरियलसकट" मधी काय काय नाही ते न विचारणं

फुटावर रेट ठरला की आपल्याला वाटतं झालं. नंतर कळतं जिना वेगळा, पाण्याची टाकी वेगळी, सेप्टिक टँक वेगळा, पॅरापेट (गच्चीचा कठडा) वेगळा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग तर त्यानं धरलंच नव्हतं, आणि फूट मोजताना छज्जा मात्र धरलेला. म्हणून कोणती वीट, कोणतं सिमेंट, फरशी किती रुपये फुटाची, पॉइंट किती, छज्जा कसा मोजणार, सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. भांडण नको म्हणून लिहीत नाही असं म्हणणाऱ्यांचंच पुढं भांडण होतं.

गावाकडं घरकुल मिळालेल्यांचं वेगळं दुखणं बघितलंय. प्रधानमंत्री आवासच्या ग्रामीण योजनेत सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार मिळतं, तेही कामाच्या टप्प्याप्रमाणं, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं धरलंय, पण लोक जोते मोठे काढतात, भावाची खोली बी याच्यातच, आणि मग घर लिंटेलवर थांबतं. बँकेच्या लोनचं बी तसंच, पैसे टप्प्यानं येतात आणि आधी स्वतःचा हिस्सा लावावा लागतो, त्यामुळं सगळी बचत पायातच संपवून बसू नका. मीटर, कंपाउंड, गेट, वास्तुशांतीचं जेवण, हे कुणाच्याच एस्टिमेटमधी नसतं.

पैसे बी टप्प्यानंच द्या, काम पुढं आणि पैसे मागं. शेवटचे थोडे एक पावसाळा होईपर्यंत हातात ठेवा, आणि हे त्या सहीच्या कागदावर आधीच लिहून घ्या. आमच्या जिन्याच्या टॉवरपाशी जुलैत पाणी उतरलं, मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणला, "सर सध्या जिंतूरला साईट चालू आहे, बघू दिवाळीनंतर." मी म्हणलं चालंल, मग हिशोब बी दिवाळीनंतरच करू. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माणूस गच्चीवर हजर होता.