मित्रांबरोबर सप्लिमेंटचा बिझनेस करताय? आधी बॅच कोण थांबवणार ते ठरवा

मित्रांबरोबर धंदा करू नका असं सांगणारे पायलीला पन्नास भेटतील, मी त्यातला नाही. पण मोबाइल कव्हर विकणं वेगळं आणि लोकांच्या पोटात जाणारी गोष्ट विकणं वेगळं, कव्हर खराब निघालं तर पैसे परत दिले की विषय संपतो, कॅप्सूलमधे शिसं निघालं तर विषय तिथनं सुरू होतो. म्हणून ब्रँडचं नाव, लोगो, कोणाला किती टक्के हे सगळं नंतर बघा, आधी एवढंच ठरवा की माल थांबवायचा हक्क कोणाकडे. म्हणजे बॅच, म्हणजे एका वेळी बनवलेला सगळा माल, तयार आहे, ऑर्डरी आल्यात, सगळ्यांचे पैसे अडकलेत, आणि लॅबच्या रिपोर्टमधे एक आकडा खटकतोय, अशा वेळी "हा माल जाणार नाही" असं एकट्याने कोण म्हणू शकतं आणि बाकीच्यांनी गपगुमान ऐकायचं.

मित्रांमधे हे जास्त अवघड जातं कारण कोणालाच वाईट व्हायचं नसतं. "अरे तू म्हणतोयस तर ठीकच असेल" यावर भागीदारी चालते, आणि या धंद्यात नेमकं हेच वाक्य महागात पडतं. विक्री बघणारा मित्र क्वालिटी बघणारा नको, हा नियम डोळे झाकून पाळा. मी तिघं मित्र आहात असं धरून बोलतोय, दोघंच असाल तर क्वालिटीची सही बाहेरच्या फूड टेक्नॉलॉजिस्टला किंवा फार्मसीवाल्याला पैसे देऊन करायला लावा, पण एकाच माणसाच्या डोक्यावर दोन्ही टोप्या नकोत. आणि भागीदारीच्या करारात साध्या भाषेत लिहा की क्वालिटीची सही नसेल तर बॅच गोडाऊनबाहेर पडणार नाही आणि बाकीच्यांनी बहुमत केलं तरी ही सही ओलांडता येणार नाही. वाचायला जरा जास्तच कडक वाटतं, माहितीये. पण 1989 मधे अमेरिकेत एल-ट्रिप्टोफॅन नावाचं साधं अमिनो आम्लाचं सप्लिमेंट घेऊन 1500 हून जास्त लोक आजारी पडले, बरेच जण दगावले, आणि माग काढल्यावर बहुतेक केसेस एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत पोचल्या. दुकानात बाटली बघून कोणाला काही कळलं असतं का? नाहीच.

आता प्रॉडक्ट. पहिल्याच वर्षी बारा वनस्पतींचं मिश्रण काढायचा मोह होतो कारण लेबलवर भारी दिसतं, पण जितके घटक तितक्या टेस्ट, तितके सप्लायर आणि तितक्या ठिकाणी भेसळीचा चान्स. एक घटक किंवा फार तर दोन घ्या. मग गणित करा, हे गणित बरेच जण मशीनवर माल चढल्यावर करतात. साइझ 0 च्या कॅप्सूलमधे साधारण 0.68 मिली जागा असते, वनस्पतीची नुसती पावडर हलकी असते त्यामुळे एका कॅप्सूलमधे साधारण 400 मिलीग्रॅमच्या आसपासच बसते. तुमचा डोस रोज 3 ग्रॅम असेल तर माणसाला दिवसाला सात-आठ कॅप्सूल गिळाव्या लागतील आणि कोणी गिळत नाही. मग एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे अर्क, घ्यावा लागतो, पण पावडर आणि एक्स्ट्रॅक्ट ही एकच वस्तू नाही हे तिघांच्याही डोक्यात पक्कं बसू द्या. हळदीच्या पावडरमधे कर्क्युमिन ढोबळमानाने 2 ते 5 टक्के असतं आणि बाजारात मिळणाऱ्या स्टँडर्डाइज्ड (घटकाचं प्रमाण ठरवून दिलेल्या) एक्स्ट्रॅक्टमधे कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची भावंडं, 95 टक्के, म्हणजे पावडरीच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वापराचा दाखला देऊन एक्स्ट्रॅक्ट सेफ आहे असं म्हणता येत नाही.

नॅचरल म्हणजे निर्धोक, हा समज ग्राहकाच्या आधी तुमच्या ग्रुपमधनं काढून टाका. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती लिव्हरमधली औषध पचवणारी एन्झाइम वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करायचं वॉर्फरिन, अवयव बदललेल्या पेशंटची औषधं यांचा असर कमी होतो. लाल यीस्ट राइसमधे, म्हणजे आंबवलेल्या लाल तांदळात, जो मोनॅकोलिन के असतो तो लोव्हास्टॅटिनच आहे, कोलेस्टेरॉलचं औषध, फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. ग्रीन टीचा एक्स्ट्रॅक्ट जास्त डोसमधे लिव्हरला त्रास देऊ शकतो म्हणून युरोपियन युनियनने त्यातल्या इजीसीजी या घटकाला दिवसाला 800 मिलीग्रॅमच्या खाली ठेवायची अट घातली, आणि अश्वगंधेवर डेन्मार्कने 2023 मधे बंदीच आणली. तुम्हाला हे पटो न पटो, तुमच्या घटकाबद्दल असं काय काय आहे ते एका पानावर लिहून काढा आणि गरोदर बाई, लहान मुलं, बीपी-शुगर-थायरॉइडच्या गोळ्या घेणारे यांच्यासाठीची सूचना लेबलवर वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा.

वजन कमी करणं, बॉडीबिल्डिंग आणि "पुरुषी ताकद" या तीन प्रकारांत पहिल्या दिवशी अजिबात शिरू नका. मार्जिन दिसतं, पण चोरून औषध मिसळल्याची प्रकरणं सगळ्यात जास्त इथलीच. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध 2010 मधे हृदयाच्या धोक्यामुळे बऱ्याच देशांतनं मागे घेतलं, तरी त्यानंतरही ते "हर्बल" कॅप्सूलमधे सापडत राहिलं. सप्लायर म्हणाला ना की याने दोन दिवसांत फरक दिसतो, तर खूश होऊ नका, त्यात काय आहे ते विचारा.

टेस्टिंगला मात्र वेळ द्या, इथं कंजूषी नको. सप्लायर सीओए देतो, म्हणजे मालाच्या तपासणीचं सर्टिफिकेट. पहिली गोष्ट, त्यावरचा बॅच नंबर आणि पोत्यावरचा बॅच नंबर एकच आहे का बघा, कारण जुन्या चांगल्या बॅचचा कागद नव्या मालाला जोडून देणारे महाभाग असतात. दुसरी, त्याच मालाचं सँपल स्वतः काढा आणि स्वतः निवडलेल्या लॅबला पाठवा, सप्लायरने सुचवलेल्या नाही. सँपल एका पोत्यातनं नको, वेगवेगळ्या पोत्यांतनं वरनं-मधनं-खालनं घ्या. मागायचं काय? ओळख, म्हणजे ही तीच वनस्पती आणि तिचा तोच भाग आहे का (एचपीटीएलसी नावाच्या लॅब टेस्टने कळतं), शिसं-आर्सेनिक-कॅडमियम-पारा हे चार, बॅक्टेरिया आणि बुरशी, कीटकनाशकाचे अंश, आणि लेबलवर जो घटक जितका लिहिणार तो तितका आहे का. हळद असेल तर शिशावर जास्तच लक्ष, कारण पिवळा रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट हा शिसं असलेला रंग घालायचे प्रकार उघड झालेले आहेत. रिपोर्टमधे नुसतं "पास" लिहिलेलं असेल तर परत पाठवा, आकडा आणि मर्यादा दोन्ही हवं. प्रत्येक बॅचच्या काही सीलबंद बाटल्या एक्स्पायरीनंतर निदान वर्षभर बाजूला ठेवा, तक्रार आली की तुमच्याकडे तपासायला तेवढंच उरतं.

स्वतः बनवायचं की दुसऱ्याकडनं बनवून घ्यायचं? सुरुवातीला दुसऱ्याकडनं, वाद नको. जीएमपी, म्हणजे चांगल्या उत्पादनाचे ठरलेले नियम, पाळणारा उत्पादक शोधा आणि सर्टिफिकेट बघून समाधान मानू नका, जाऊन बघा, तुमच्या आधी त्या मशीनवर काय चाललं होतं आणि मशीन साफ केल्याची नोंद कुठाय हे विचारा. नोंद दाखवायला टाळाटाळ झाली तर चहा न घेता निघा. आणि हो, ते मोठी मिनिमम ऑर्डर सांगतील आणि दर कमी करून दाखवतील, त्याला भुलू नका. हा एक्स्पायरी असलेला माल आहे, दोन वर्षांची एक्स्पायरी असली तरी शेवटचे काही महिने दुकानदार तो घेत नाहीत, म्हणजे विकायला मिळणारा वेळ छापलेल्या तारखेपेक्षा बराच कमी.

दाव्यांवरनं भांडण होणार हे आत्ताच सांगतो. विक्रीवाला मित्र म्हणणार "गुडघेदुखी बरी होते" असं लिहू, समोरचे सगळे लिहितात. जवळपास कुठल्याच देशात सप्लिमेंटला आजार बरा करायचा दावा करता येत नाही. अमेरिकेत 1994 च्या कायद्याने शरीराच्या कामाबद्दल बोलायची मुभा आहे पण सोबत ठराविक डिस्क्लेमर छापावा लागतो आणि बाजारात आणल्यापासून 30 दिवसांत एफडीएला, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याला, कळवावं लागतं, युरोपियन युनियनमधे मंजूर यादीतलेच दावे चालतात, भारतात एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, नियम आहेत. तुम्ही जिथं विकणार तिथला नियम वाचा, जिथं बसलाय तिथलाच फक्त नाही, ऑनलाइन विकलं की पाठवलेल्या देशाचे नियमही लागतात. ग्राहकाने स्वतःहून "माझी शुगर गेली" असं लिहिलं आणि तुम्ही ते तुमच्या पेजवर शेअर केलं तर तो तुमचाच दावा धरला जाऊ शकतो. म्हणून पोस्ट, रील, लेबल, सगळं क्वालिटीवाल्याच्या सहीनेच बाहेर, बॅचसारखंच.

पैशाचं फार लांबण लावत नाही. तिघांत सरसकट समान वाटणी करू नका, निदान शेअर एकदम हातात देऊ नका, चार वर्षांत हळूहळू मिळतील आणि पहिल्या वर्षाच्या आत जो सोडेल त्याला काही नाही अशी पद्धत ठेवा, स्टार्टअपवाले हेच करतात आणि बरोबर करतात. सहा महिन्यांत कंटाळून नोकरीला गेलेला मित्र पुढं जन्मभर तिसरा हिस्सा धरून बसला तर मैत्री कशी टिकणार? साधी भागीदारी असेल तर एकाने केलेल्या उद्योगाची भरपाई दुसऱ्याच्या खाजगी मालमत्तेतनं होऊ शकते, त्यामुळे मर्यादित जबाबदारीवाली कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा आणि प्रॉडक्ट लायबिलिटीचा, म्हणजे मालामुळे कोणाला इजा झाली तर भरपाईचा, इन्शुरन्स पहिली बाटली विकायच्या आधी घ्या.

तक्रारींची एकच जागा ठेवा, तिघांच्या तीन इनबॉक्समधे नको. कोण, काय घेतलं, बॅच नंबर, बाकी कुठली औषधं चालू आहेत, काय झालं, एवढं प्रत्येक वेळी लिहायचं, तक्रार फालतू वाटली तरी. एकाच बॅचवर दुसरी सारखी तक्रार आली की विक्री बंद आणि ठेवलेलं सँपल लॅबला, चर्चा नंतर.

आणि वर्षातनं एकदा खोटा रिकॉल, म्हणजे माल बाजारातनं परत मागवायची रंगीत तालीम, करून बघा. एक बॅच नंबर उचला, घड्याळ लावा आणि त्यातली प्रत्येक बाटली कोणाकडे गेली ते शोधा. ऑर्डर केलेल्या पटापट सापडतात, दुकानात दिलेल्या थोड्या शोधाव्या लागतात, सापडत नाहीत त्या तुम्ही तिघांनी ओळखीच्यांना "घेऊन बघ" म्हणत फुकट वाटलेल्या, ज्यांची बिलं नसतात. तेव्हा फुकट बाटलीचीसुद्धा नाव, नंबर आणि बॅच लिहूनच एंट्री करायची, ती आईला दिली असली तरी.