‘इनडिस्क्रिमिनेट’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

सांगलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचे इंग्रजी निबंध तपासताना एक वाक्य मला वारंवार आढळते: आमची ग्रामपंचायत सर्व जातिधर्मांच्या लोकांना ‘इनडिस्क्रिमिनेट’ सेवा देते. लिहिणाऱ्याला ‘भेदभाव न करता’ असे म्हणायचे असते. वाचणाऱ्याला मात्र गरज, पात्रता काहीही न पाहता सेवा वाटल्याचे कळते, म्हणजे कौतुकाच्या जागी ठपका बसतो.

‘डिस्क्रिमिनेशन’ म्हणजे भेदभाव, एवढाच अर्थ आपण पाठ केलेला असतो, आणि चूक तिथेच होते. वंशभेदाशी जोडलेला तो अर्थ १९व्या शतकात अमेरिकेत रुळला. ‘इनडिस्क्रिमिनेट’ मात्र १६व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलेला असल्याने त्यात नाकारली जाते ती पारख, पक्षपात नव्हे. भेदभाव नाही असे सांगायचे असेल, तर ‘इम्पार्शिअल’ लिहावे.

‘इनडिस्क्रिमिनेट’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘केर्नेरे’, म्हणजे चाळणे, वेगळे काढणे, हे क्रियापद आहे आणि त्यातूनच फरक या अर्थाचा ‘डिस्क्रिमेन’ आला. आपल्या भागातील हळद उत्पादकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही, कारण काढणी झाल्यावर तो जेठे गड्डे आणि हळकुंडे निवडून वेगवेगळी शिजवतो. सगळे एकाच कढईत टाकले, तर जाड गड्डे शिजेपर्यंत बारीक हळकुंडे जास्त शिजतात. असे न निवडता शिजवणे म्हणजे ‘इनडिस्क्रिमिनेट’. आपला ‘विवेक’ही वेगळे करणे या अर्थाच्या ‘विच्’ धातूपासून आलेला आहे, हे मला फार मोलाचे वाटते. तरीही भाषांतरात ‘अविवेकी’ लिहू नये, कारण आज त्यातून उतावळेपणा सूचित होतो. ‘सरसकट’ बहुतेक ठिकाणी चपखल बसतो, गोळीबारासाठी ‘अंदाधुंद’. उलट दिशेने मात्र जपावे: ‘सरसकट कर्जमाफी’ ही मागणी असते, दोषारोप नव्हे, म्हणून तिथे इंग्रजीत ‘ब्लँकेट’ हा शब्द घ्यावा.

दुसरी चूक ‘बेसुमार’ या अर्थाने वापरण्याची. उसाला गरजेपेक्षा जास्त पाणी देणे ‘एक्सेसिव्ह’ आहे. माती न तपासता प्रत्येक रानाला खताची एकच मात्रा देणे ‘इनडिस्क्रिमिनेट’ आहे, मग ती मात्रा थोडी का असेना. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधील ५१वे कलम याच अर्थावर उभे आहे: लष्करी लक्ष्य आणि सामान्य नागरिक यांत फरक न करणारा हल्ला निषिद्ध ठरतो, आणि त्यासाठी एक तोफगोळाही पुरेसा असतो.

‘इनडिस्क्रीट’शीही गल्लत होते. तो ‘केर्नेरे’च्याच कुळातला असला, तरी त्याचा अर्थ नको तिथे नको ते बोलणारा असा आहे. ‘इनडिस्क्रिमिनेट’च्या उच्चारात शेवटचे अक्षर आखूड, ‘नट’सारखे येते, लांब ‘नेट’ ‘डिस्क्रिमिनेट’ या क्रियापदात ऐकू येतो.