निर्गुडीच्या पाल्याची चाचणी: नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी काही अनुभव

गुडघा सुजला की आमच्या चोपडा-शिरपूर भागात निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून, तेलाचा हात लावून बांधतात. माझी आजी तो रात्री बांधत असे आणि सकाळी सोडत असे. एम. फार्म.ला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांच्या परिणामांचे शास्त्र, घेतल्यावर याच पाल्याची वेदना आणि सूज यांवर चाचणी करायचे मी ठरवले. या विषयाकडे वळणाऱ्यांना माझ्या त्या दोन वर्षांतले काही सांगावेसे वाटते.

पहिला पाला मी मे महिन्यात आणला आणि गच्चीवर उन्हात वाळवला. पारा ४४ अंशांच्या आसपास होता. दोन दिवसांत पाला कुरकुरीत झाला, पण चुरगळल्यावर येणारा तो उग्र वास जवळजवळ गेला होता. वासाबरोबर उडून जाणारे तेलही गेले होते आणि ती सारी पिशवी मला टाकून द्यावी लागली. पुढचा पाला ऑक्टोबरात शेताच्या बांधावरून आणला आणि सावलीत वाळवला. अभयारण्याच्या हद्दीतून वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही तोडू नये, हेही येथेच सांगतो. फुलांसह एक फांदी दाबून वाळवावी आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रासारख्या अधिकृत ठिकाणाहून तिची ओळख लेखी करून घ्यावी. एका देठावर पाच पर्णिका दिसल्या एवढ्यावर निर्गुडी ठरवू नये; काही पानांवर तीनच पर्णिका असतात आणि तीन पर्णिकांची एक सख्खी जातही आहे.

अर्क काढणे, त्याचे वजन करणे आणि प्राथमिक रासायनिक तपासण्या ही कामे कोणत्याही प्रात्यक्षिक पुस्तकात सापडतील. प्राण्यांना हात लावण्यापूर्वी मात्र संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी हवी आणि अर्काची तीव्र विषाक्तता (एकदाच दिलेल्या मोठ्या डोसाने होणारी विषबाधा) तपासलेली हवी, कारण डोस त्यावरूनच ठरतात.

सुजेसाठी कॅराजीननची, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या आणि टोचल्यावर सूज आणणाऱ्या पदार्थाची, पद्धत १९६२ पासून रूढ आहे. रॅटच्या मागच्या पायाच्या तळव्यात १ टक्का द्रावणाचे ०.१ मिलिलिटर टोचतात आणि पायाचे आकारमान प्लेथिस्मोमीटरने (पाय पाण्यात बुडवून आकारमान मोजणाऱ्या उपकरणाने) दर तासाला मोजतात. पहिल्या दीड-दोन तासांची सूज मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिन या शरीरातल्याच रसायनांची असते, तर पुढची प्रोस्टाग्लँडिन या दुसऱ्या रसायनाची, म्हणून तिसऱ्या तासाचे वाचन सर्वांत बोलके ठरते. माझी सुरुवातीची वाचने मात्र एकाच प्राण्यात वर-खाली होत होती. कारण शोधले तेव्हा लक्षात आले की पाय दर वेळी सारख्या खोलीपर्यंत बुडत नव्हता. त्यानंतर घोट्यावर न पुसणाऱ्या शाईची बारीक रेघ ओढली आणि ती रेघ बरोबर पाण्याच्या पातळीला आल्यावरच आकडा लिहिला. अर्क न दिलेल्या तुलनेच्या गटाची सूज ०.८० आणि अर्काच्या गटाची ०.४८ मिलिलिटर असेल, तर रोध, म्हणजे सुजेतली घट, ४० टक्के येतो. पाय थोडा जास्त बुडाला तरी हे गणित कोसळते.

वेदनेसाठी माइसमध्ये ॲसिटिक ॲसिडने येणारे पोटाचे पीळ मोजतात. ही पद्धत सोपी असली, तरी तिच्यावर एकटीवर विसंबू नका. अर्काने प्राणी नुसता सुस्त झाला तरी पीळ कमी दिसतात. म्हणून ५५ अंशांच्या हॉट प्लेटची चाचणी घ्यावी, म्हणजे तापलेल्या पट्टीवर ठेवलेला प्राणी किती सेकंदांनी पंजा चाटतो किंवा उडी मारतो ते मोजावे, रोटारॉडवर (फिरत्या दांड्यावर) प्राण्याचा तोल तपासावा आणि पीळ मोजणाऱ्याला कोणता गट कोणता हे कळू देऊ नये. हॉट प्लेटवर पंजा भाजू नये म्हणून १५ सेकंदांची कमाल मर्यादा आधीच ठरवून ठेवावी आणि ती कधीही ओलांडू नये.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते एका साध्या प्रश्नाने. माझी आजी पाला बांधत होती, मी मात्र अर्क तोंडावाटे देत होतो. पोटातून दिलेल्या अर्काने सूज उतरली तरी बांधलेल्या पाल्याबद्दल त्यातून फारसे कळत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी मी अर्काच्या मलमाचा गट घेतला आणि त्याच्या शेजारी, चोळण्याचाच गुण किती हे कळावे म्हणून, अर्क न घातलेल्या त्याच मलमाचाही एक गट ठेवला.