कचरा डेपोवरचे जुने टायर कसे तपासायचे

डेपोची पाहणी म्हणलं की लोक गेटवरच्या ऑफिसात चहा पितात, रजिस्टरवर सही मारतात अन् निघतात. टायर गेटवर नसतातच, ते मागच्या कंपाउंडला नाल्याच्या अंगाला ढकलून दिलेले असतात, त्यामुळं आधी मागं जायचं, चहा नंतर. सोबत टॉर्च, काठी, मापाची टेप, पांढरा वाडगा, जाड बूट अन् हातमोजे घ्या. ढिगात हात घालायच्या आधी काठी आपटा, उंदीर असतात अन् उंदराच्या मागं साप.

टायर डेपोत गाडायचाच नसतो, हे आधी डोक्यात पक्कं ठेवा. २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं की किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा कचरा लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा गाडायच्या जागेत, टाकायचा नाही, अन् टायर तर ७००० च्या पुढं जातो, म्हणजे आपल्याकडच्या कोळशापेक्षाबी जास्त. युरोपनं अख्खे टायर २००३ पासून अन् तुकडे २००६ पासून लँडफिलमध्ये टाकणं बंद केलंय. तरी आपल्याकडं जेसीबीवाला "साहेब दाबून टाकू का" म्हणतो अन् साहेब मान डोलावतात. दाबलेला टायर खाली राहत नाही हो, आत पोकळी, त्यात हवा अन् कचऱ्यातला मिथेन अडकतो, मग तो हळूहळू वर सरकतो अन् मातीचं झाकण फोडतो, खाली लायनर, म्हणजे घाण पाणी जमिनीत मुरू नये म्हणून अंथरलेला जाड थर, असला तर त्यालाबी धोका. म्हणून जुन्या, माती टाकून बंद केलेल्या भागावरून चालून बघा. काळ्या मातीला उन्हाळ्यात तश्याबी भेगा पडतात पण त्या सगळीकडं जाळीसारख्या असतात, एकाच जागी गोल उंचवटा आलाय अन् कडेनं माती उकललीय असं दिसलं तर खाली टायर असायची शंका घ्या, फोटो काढा.

आता पाणी, इथं वेळ द्या. टायर उभा ठेवा, आडवा ठेवा, पाऊस पडला की त्यात पाणी राहतंच, अन् ते दुपारच्या उन्हातबी लवकर आटत नाही कारण आत सावली असते. वरवरचे चार टायर बघून भागत नाही, ढिगाच्या सावलीच्या बाजूचे, खालचे, ट्रकचे मोठे टायर तिरपे करून पाणी वाडग्यात घ्या. पांढऱ्या वाडग्यात वळवळणाऱ्या अळ्या लगेच दिसतात, हाताची सावली पडली की बुडाशी पळतात. डेंग्यूचा एडिस डास अंडी पाण्यात नाही तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर आतल्या भिंतीला चिकटवतो अन् ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, म्हणून एप्रिल-मे मध्ये टायर कोरडे दिसले म्हणून "सगळं ओके" लिहू नका. पाणी ओतून टाकलं तरी अंडी तशीच राहतात. खरा उपाय एकच, डोक्यावर पत्रा, नाहीतर न फाटलेली ताडपत्री नीट बांधून. तिला झोळ पडला तर तिच्यातच डबकं होतंय, तेबी बघा.

आगीचं बघताना ढिगाची उंची टेपनं मोजा. कॅलिफोर्नियाच्या नियमात टायरचा ढीग १० फुटांपेक्षा उंच नको अन् आजूबाजूला ४० फूट झाडझाडोरा नको असं आहे, आपल्यासाठी ते माप चांगलं आहे. दोन ढिगांच्या मधून टँकर अन् पोकलेन आरामात वळेल एवढी वाट पाहिजे, वरून विजेची तार नको, शेजारी ओला-सुका कचरा धुमसत नको. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री अन् डेपो आधीच आतून धुमसत असतो. टायरला सहज आग लागत नाही पण लागली तर विझत नाही, अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये १९८३ साली पेटलेला ढीग नऊ महिने जळत होता. अन् नुसतं पाणी मारत बसलं तर जळालेल्या रबराचं तेल पाण्याबरोबर वाहून नाल्यात अन् तिथून विहिरीत जातंय, तश्यात आपल्याकडं उन्हाळ्यात प्यायलाच टँकर. म्हणून आग दाबायला जवळ मुरमाचा ढीग अन् तो टाकायला चालू कंडिशनमधलं मशीन आहे का ते बघा, जेसीबी आहे पण डिझेल नाही हे उत्तर चालत नाही. टायरचे तुकडे करून ठेवले असतील तर निवांत होऊ नका, तुकड्यांचा जाड थर आतून आपोआप तापू शकतो, तोबी १० फुटांच्या आतच ठेवायला लावा.

आता कागद. किती टायर आले, कुठून आले, कुणी नेले. कारचा टायर ८-१० किलोचा, ट्रकचा ५० किलोच्या आसपास, त्यावरून वजनकाट्याच्या पावत्या अन् समोरचा ढीग यांचा अंदाजे मेळ बसतो का बघा. जाताना "भंगारवाल्याला दिले" एवढंच लिहिलं असेल तर तिथंच थांबा, कारण भंगारवाल्याकडून ते वीटभट्टीत जळायला जातात की नोंदणी नसलेल्या पायरोलिसिस प्लांटला (टायर तापवून तेल काढतात तिथं), हे कुणीच विचारत नाही. २०२२ पासून टायर बनवणाऱ्या अन् आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरची जबाबदारी आलीय अन् रिसायकल करणारे सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पोर्टलवर नोंदलेले पाहिजेत, तर घेणाऱ्याचा नोंदणी नंबर मागा अन् पोर्टलवर टाकून बघा. (रस्ता रोकोच्या आदल्या रात्री ढीग कमी होतो त्याची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरला सापडत नाही.)

रिपोर्ट लांबलचक नको, तारीख-लोकेशनवाले फोटो, उंची, अंदाजे टायर, अळ्या सापडल्या की नाही, अन् प्रत्येक गोष्टीपुढं कुणी करायचं अन् कधीपर्यंत. एक कॉपी मुख्याधिकाऱ्यांना, एक एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) ऑफिसला, दोन्हीकडं पोच घ्या. अळ्या सापडल्या असतील तर हिवताप विभागाला त्याच दिवशी फोन करा, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याच्या आतच परत जाऊन तेच टायर पुन्हा वाडग्यानं बघा.