गाण्यांसाठी वेगळा प्लेअर घ्यायचाय? आधी जुन्या फोनवर करून बघा

फोनवर गाणी ऐकली की संध्याकाळपर्यंत बॅटरी संपते, म्हणून अनेकांना वेगळा प्लेअर घ्यावासा वाटतो. त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी कोण खातंय ते बघा. स्क्रीन बंद ठेवून साठवलेली गाणी वाजवायला चार्जिंग फारच कमी लागतं. जास्त खाते ती उजळ स्क्रीन आणि कमी रेंजमध्ये चाललेलं स्ट्रीमिंग. यादीत व्हिडिओ किंवा नकाशे वर असतील तर प्लेअर घेऊन फरक पडणार नाही. गाण्यांचं ॲप वर असेल तर गाणी वायफायवर डाउनलोड करून चार दिवस बघा. पुष्कळांचं काम इथेच भागतं.

गाणं चालू असताना मध्येच फोन वाजायला नको, हे मात्र वेगळं उपकरण घ्यायचं खरं कारण आहे. त्यासाठी कपाटातला जुना फोन काढा.

१. फोन सपाट टेबलावर ठेवा. पाठ फुगून तो डुगडुगत असेल तर बॅटरी गेलेली आहे; चार्जिंगला अजिबात लावू नका.

२. फोनमधले फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्या, खात्यातून साइन आउट करा, मगच फॅक्टरी रीसेट करा. क्रम चुकला तर फोन सुरू होताना जुना पासवर्ड मागत बसतो. सिम काढून विमान मोड लावा. वायरलेस इअरफोन असतील तर फक्त ब्लूटूथ परत सुरू करा.

३. जागेचा हिशोब करा. ३२० केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची, एमपी३ फाइल मिनिटाला २.४ एमबी घेते, म्हणजे चार मिनिटांचं गाणं १० एमबीच्या आसपास. ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर तीन हजार गाणी मावतात. फ्लॅकला (दर्जा न घटवता साठवलेल्या फाइलला) याच्या दुप्पट-तिप्पट जागा धरा.

४. कार्ड घाला. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये (फाइल साठवण्याच्या पद्धतीत) येतात आणि कित्येक जुनी उपकरणं फक्त फॅट३२ हा जुना फॉरमॅट वाचतात. कार्ड दिसतच नसेल तर आधी हा संशय घ्या.

५. गाणी भरा. स्ट्रीमिंग ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी इथे कॉपी करून वाजत नाहीत, ती त्या ॲपपुरतीच असतात. स्वतःच्या फाइल लागतात. नावापुढे ०१, ०२ असे आकडे द्या. नुसतं १, २ लिहिलं तर काही प्लेअर १ नंतर थेट १० वाजवतात.

वायरचे इअरफोन लावल्यावर वाद्यं ऐकू येतात पण गायकाचा आवाज गायब, असं झालं तर गाणं खराब आहे असं समजू नका. माइकवाल्या इअरफोनच्या पिनवर चार पट्टे असतात, जुन्या प्लेअरचं सॉकेट तीन पट्ट्यांचं असतं. अर्थिंगची (ग्राउंडची) जोडणी नीट जुळली नाही की दोन्ही कानांना सारखा येणारा आवाजच कापला जातो. पिन अगदी थोडी बाहेर ओढून बघा, नाहीतर बिनमाइकचे इअरफोन वापरा.

दोन उपकरणं बाळगायची तर फोन व्हायब्रेटवर खिशात ठेवा, बॅगेत टाकला की कॉल हमखास चुकतात. मल्टिपॉइंट असलेले ब्लूटूथ इअरफोन दोन्हींना एकाच वेळी जोडता येतात. प्लेअर महिनाभर वापरणार नसाल तर निम्मा चार्ज करून बंद करून ठेवा.